चिखलात रुतलेल्या 110 सीसी एटीव्हीचे ‘हाफ इंजिन’ घरी करता येईल का?

कलमबाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमची आंबा-सुपारीची बाग आहे. कलमे उतारावर असल्यामुळे खताच्या गोणी, फवारणीचा पंप आणि हंगामात आंब्याचे क्रेट वरखाली करण्यासाठी मी चार वर्षांपूर्वी एक जुनी एटीव्ही (जाड टायरांची, कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी) विकत घेतली. त्याआधी ती किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवत होती. इंजिन चिनी बनावटीचे, हवेवर थंड होणारे, आडव्या सिलिंडरचे आणि 110 सीसीचे आहे, बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) 52.4 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5 मिमी. वाळूत तिचे किती आयुष्य गेले हे ठाऊक नाही, पण माझ्याकडे तिने आजवर मुकाट्याने काम केले.

जुलैत व्हाळ (ओढा) ओलांडताना ती पलीकडच्या काठाला तांबड्या चिखलात आसापर्यंत रुतली. तेव्हाच इंजिन बंद करायला हवे होते, पण मी पंधरा-वीस मिनिटे रेस देत राहिलो, चाके चिखल उडवत राहिली आणि शेवटी इंजिन आपसूक बंद पडले. रात्रभर गाडी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी चौघांनी दोर लावून ओढून काढली. ऑइलचा नट काढला तेव्हा आतून दुधाळ चहासारखे ऑइल आले. दोनदा ऑइल बदलले, प्लग साफ केला, गाडी सुरू झाली आणि मला वाटले की निभावले.

तेव्हापासून मात्र सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येतो, भरलेला ट्रेलर घेऊन चढावर गाडी दम सोडते आणि चार-पाच तासांच्या कामात जवळजवळ पाव लिटर ऑइल कमी होते. एअर फिल्टरचा डबा उघडला तर फोम एका कोपऱ्यात फाटलेला होता आणि फोमच्या आतल्या बाजूला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाजूला, तांबड्या मातीचा हात फिरवल्यासारखा थर होता. कॉम्प्रेशन गेज लावले तेव्हा 60 पीएसआय आले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहिले तर 105. टॅपेट (व्हॉल्व दाबणाऱ्या भागाची फट ठरवणारे स्क्रू) तपासले, तेव्हा इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्वला, फटच उरलेली नव्हती.

माझ्याकडे सॉकेट सेट, फिलर गेज आणि भरपूर उत्साह आहे. टॉर्क रेंच नाही. गावातले मेस्त्री म्हणतात की फुल इंजिन, म्हणजे खाली क्रँकपर्यंत सगळे, उतरवावे लागेल; मला हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचे हेड, ब्लॉक आणि पिस्टन, करायचे आहे. नुसत्या रिंगा बदलून भागेल का, की ब्लॉक-पिस्टनही बदलावे लागेल, आणि खालचे इंजिन न उघडता हे काम घरच्या पडवीत करणे शहाणपणाचे ठरेल का? दिवाळीनंतर फवारण्या सुरू होतील, त्याआधी गाडी उभी करायची आहे.

पाना_पकड

चमचाभर ऑइल घातल्यावर कॉम्प्रेशन चढले, याचा अर्थ रिंगा गेल्या आहेत. नवीन रिंगांचा संच आणा, बोअरवर आतून घासकागद फिरवा, नवे पॅकिंग टाका आणि जोडा. एका रविवारचे काम आहे. मी माझ्या मोटारसायकलचे असेच केले होते आणि ती नंतर दोन वर्षे चालली.

जुना_फिटर

पाना_पकड यांनी सांगितलेला उपाय मोटारसायकलला लागू पडला असेल, कारण तिथे रिंगा वापराने झिजल्या होत्या. इथे रिंगा मातीने खाल्ल्या आहेत, आणि ज्या मातीने रिंगा खाल्ल्या तिने बोअर सोडलेला नाही. झिजलेल्या, वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग टाकली की ती प्रत्येक फेऱ्यात उघडते आणि मिटते, तिची कड बोअरवर नीट बसत नाही आणि दोन महिन्यांत आपण पुन्हा याच धाग्यावर येतो. म्हणून आधी मोजमाप, मग खरेदी.

तुमच्या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. 60 वरून 105 झाले, म्हणजे गळतीचा मोठा भाग रिंग आणि बोअर यांच्या मधला आहे. पण 105 वरच अडले आणि इनटेकचे टॅपेट घट्ट झाले आहे, याचा अर्थ इनटेक व्हॉल्वही सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. माती आत जाण्याची वाट फिल्टर, कार्ब्युरेटर, इनटेक व्हॉल्व आणि मग सिलिंडर अशी असल्यामुळे पहिला मार इनटेकची सीट खाते. सीट झिजली की व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. पुष्कळ लोक टॅपेट सैल झालेले ओळखतात, कारण ते वाजते. घट्ट झालेले टॅपेट वाजत नाही, म्हणून कुणी बघत नाही. हेड काढाल तेव्हा दोन्ही व्हॉल्व काढून पाहणे ओघानेच आले.

आता बोअर कसा मोजायचा. बोअर गेज घरी कुणाकडे नसतो, पण तुमच्याकडे फिलर गेज आहे आणि तेवढ्यावर भागते. पिस्टनवरून वरची जुनी रिंग काढा. ती एकटीच ब्लॉकमध्ये ठेवा आणि पिस्टन उलटा धरून त्याने ती आत ढकला, म्हणजे ती तिरकी न होता सरळ बसते. ब्लॉकच्या अगदी तळाशी, जिथे रिंग कधी पोहोचत नाही तिथे, तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग मध्यावर मोजा आणि शेवटी वरच्या काठापासून साधारण एक सेंटीमीटर खाली मोजा. रिंग तीच असल्यामुळे तिची स्वतःची झीज तिन्ही मापांत सारखीच राहते; फरक पडतो तो फक्त बोअरचा. बोअरचा व्यास जितका वाढतो त्याच्या 3.14 पट फट वाढते, म्हणून वरच्या आणि तळाच्या मापातला फरक 3.14 ने भागला की व्यासातली झीज मिळते. भागाकार 0.05 मिमीच्या आत आला तर होनिंग करून (बोअरला आतून दगडाने बारीक तिरके चरे पाडून) रिंगा टाकण्याचा विचार करता येईल. त्याहून जास्त आला तर ब्लॉक बोअर करणे (भोक रुंद करून मोठा पिस्टन टाकणे) किंवा नवा घेणे, तिसरा मार्ग नाही.

खालच्या इंजिनाबद्दल मेस्त्रींचे म्हणणे उडवून लावू नका. ब्लॉक निघाला की कनेक्टिंग रॉड मोकळा दिसेल. पिस्टन काढून रॉड दोन बोटांत धरा आणि त्याच्या लांबीच्या दिशेने वर-खाली ओढून-ढकलून पाहा. आडवा थोडा डुलला तर चालतो, तो तसा असतोच. पण लांबीच्या दिशेने ‘टक’ असा जरासाही झोल लागला तर क्रँकचे बेअरिंग गेले आहे आणि मग फुल इंजिनच करावे लागेल. झोल नसेल, तर मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक) हाताने सावकाश फिरवून पाहा. वाळू दळल्यासारखे हाताला जाणवले तर तेच.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात. या जातीच्या इंजिनात उजव्या बाजूच्या झाकणाआड, क्रँकवर बसलेल्या क्लचच्या तोंडाशी ऑइलचा गाळ फिरवून बाजूला टाकणारी वाटी असते, आणि तिच्या खाली खोबणीत तारेची जाळी असते. उजवे झाकण उघडून दोन्ही ठिकाणी किती माती बसली आहे ते पाहा. वाटीत नुसता काळा गाळ असेल तर तो नेहमीचा. तांबडा आणि घट्ट गाळ असेल तर तुमच्या व्हाळाचा काठ ऑइलवाटे सगळीकडे फिरला आहे असे समजा.

हेड उघडण्याआधी इंजिन बाहेरून नखाइतकीही माती न ठेवता धुवा. ब्लॉकच्या फिनांमधला वाळलेला चिखल भिजवून, लाकडी काडीने काढा. आडवे सिलिंडर पुढच्या चाकांच्या उडत्या चिखलासमोरच असते. फिनांत चिखल भाजून बसला की हवा पोहोचत नाही, इंजिन तापते आणि हेड वाकते. तुमचे हेडही त्या वीस मिनिटांत तापले असणार.

कॅल्गरीकर

माझी गाडी वेगळी आहे, पण दुखणे हेच होते म्हणून लिहितो. मी कॅनडात कॅल्गरीजवळ राहतो आणि माझ्याकडे होंडाची 400 सीसीची स्पोर्ट एटीव्ही आहे. प्रत्यक्षात 397 सीसी, बोअर 85 मिमी आणि स्ट्रोक 70 मिमी. इथे वसंतात बर्फ वितळला की रस्ते चिखलाने भरतात आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाची पिठासारखी धूळ होते. मला या गाडीने शिकवलेली गोष्ट अशी की चिखलापेक्षा वाळलेला चिखल वाईट. पाणी आत गेले तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडते आणि आपल्याला कळते. धूळ आत जात राहते तेव्हा गाडी दोन-तीन महिने चालत राहते आणि आतून किसली जाते.

माझ्या पुस्तिकेप्रमाणे इनटेकची फट 0.10 आणि एक्झॉस्टची 0.12 मिमी. दर काही फेऱ्यांनंतर मी टॅपेट तपासत असे आणि इनटेक दर वेळी थोडे घट्ट मिळे. मी निमूटपणे ते सैल करत राहिलो. ते घट्ट का होते आहे हे स्वतःला विचारले नाही. फिल्टरचा फोम चांगला होता, पण तो ज्या पिंजऱ्यावर बसतो त्याची कड डब्याच्या तोंडावर एका बाजूने टेकत नव्हती. हेड उघडले तेव्हा इनटेकच्या दोन्ही व्हॉल्वच्या कडेला बोटाने जाणवेल असा खळगा पडला होता आणि बोअरमधले होनिंगचे तिरके चरे पुसून तो राखाडी, मंद दिसत होता.

एक प्रश्न कलमबाग यांना: रात्रभर गाडी व्हाळात होती, तेव्हा इंजिनाच्या ब्रीदरची (पोटातली हवा आत-बाहेर होऊ देणारी) नळी कुठे होती? तापलेले इंजिन पाण्यात उभे राहिले की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल तर तिथून पाणी आत ओढले जाते. तुमचे ऑइल दुधाळ झाले ते बहुधा फिल्टरच्या वाटेने नसून या वाटेने. दोन वाटा असतील तर दोन्ही बुजवाव्या लागतील. तुमचे ऑइल इंजिनाच्या पोटातच राहते हे एक बरे आहे; माझ्या गाडीत ते वेगळ्या टाकीत राहत असल्यामुळे मला टाकी आणि नळ्याही धुवाव्या लागल्या.

कलमबाग

सर्वांचे आभार. दोन रविवार आणि मधल्या तीन संध्याकाळी गेल्या. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

रिंगेची फट तळाशी 0.42, मध्यावर 0.57 आणि वर 0.80 मिमी आली. फरक 0.38, भागिले 3.14, म्हणजे 0.12 मिमी. बोअरच्या खालच्या बाजूला, म्हणजे सिलिंडर आडवे असल्यामुळे जमिनीकडे, उभे ओरखडे आहेत आणि त्यांतले दोन नखाला अडकतात. होनिंगचे चरे फक्त तळाशी बोटभर पट्टीत शिल्लक आहेत. पिस्टनच्या वरच्या रिंगेचा तोंडाचा भाग आरशासारखा चमकतो.

रॉडला लांबीच्या दिशेने झोल नाही. मी तीन वेगळ्या माणसांना ओढून पाहायला लावले, कारण माझ्या आशेवर माझा विश्वास नव्हता. मॅग्नेट मऊ फिरते. उजवे झाकण उघडले तेव्हा वाटीत काठाला चिकटून तांबूस-काळी, साबणाच्या वडीसारखी कापता येईल अशी गाळाची कडी निघाली, आणि जाळीचा अर्धा भाग बुजलेला होता.

ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असायला हवी होती. माझ्या गाडीत ती कधीकाळी निघून चेसिसच्या खालच्या पाइपजवळ लोंबत होती. त्या रात्री तिचे तोंड नक्कीच पाण्याखाली होते.

हेडमध्ये इनटेकच्या सीटवर बारीक खड्डे आहेत, एक्झॉस्टची सीट त्यामानाने ठीक आहे. हेडवर स्टीलची पट्टी आडवी-तिरकी ठेवून पाहिली, मध्यभागी 0.05 ची फिलर पात अडकत सरकते, 0.06 ची जात नाही. ब्लॉक 0.25 ने बोअर करून घ्यावा की तयार ब्लॉक-पिस्टनचा संच मागवावा, हे सांगा.

जुना_फिटर

माप स्वच्छ घेतले आहे, त्यामुळे उत्तर सोपे झाले. तुमची झीज 0.12 मिमी असली तरी ओरखडे एकाच बाजूला आहेत, म्हणजे झीजही बहुतेक त्याच बाजूची आहे. लेथवाल्याने मूळ मध्य धरून 0.25 ने बोअर केला तर प्रत्येक बाजूने सव्वा दशांश, म्हणजे 0.125 मिमी एवढेच निघते. त्यात 0.12 ची झीज काठावर भरून निघेल, नखाला अडकणारे ओरखडे कदाचित राहतील. मग 0.50 चा पिस्टन शोधत फिरावे लागते. होंडाच्या चांगल्या ब्लॉकला मी बोअरच करा म्हणालो असतो. या इंजिनाला तयार संच घ्या. जुना ब्लॉक मात्र फेकू नका.

संच आला की तो नवा आहे म्हणून थेट बसवू नका. ब्लॉकच्या तोंडांवरच्या आणि खालच्या बाहीच्या (ब्लॉकमधल्या लोखंडी नळीच्या) कडांना धातूचे कंगोरे राहिलेले असतात, ते तेलात भिजवलेल्या बारीक घासकागदाने हलके मोडा. रिंगा न लावता पिस्टन ब्लॉकमध्ये उतरवा आणि पिनेला (पिस्टन रॉडला जोडणारी) काटकोनातल्या बाजूने, पिस्टनच्या खालच्या घेराजवळ, लांब फिलर पात सोबत सरकवा. 0.04 ची पात थोड्या घर्षणाने सरकावी आणि 0.06 ची सरकू नये. नव्या वरच्या रिंगेची फट या बोअरला 0.15 ते 0.25 च्या दरम्यान आली म्हणजे झाले, 0.10 हून कमी असेल तर रिंग तापल्यावर टोके एकमेकांना भिडतील, तेव्हा बारीक कानशीने टोक घासून फट वाढवा.

आता धुण्याविषयी, कारण घरी केलेली कामे बहुधा इथेच फसतात. होनिंगच्या चऱ्यांत दगडाची पूड बसलेली असते आणि ती पेट्रोलने निघत नाही. पेट्रोल तेल घेऊन जाते आणि पूड तिथेच ठेवते. ब्लॉक गरम पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून ब्रशने घासा, पाणी बदला, पुन्हा घासा. कोरडा केल्यावर लगेच आतून इंजिन ऑइलचा हात फिरवा, नाहीतर लोखंडी बाही डोळ्यांदेखत तांबूस होईल. मग जुन्या धोतराचा पांढरा तुकडा तेलात बुडवून आत फिरवा आणि उजेडात पाहा. त्यावर करडी रेघ उमटली तर ब्लॉक धुतलेला नाही. मला चौथ्या खेपेशिवाय कधी पांढरे फडके मिळालेले नाही.

खालचे इंजिन उघडायची गरज दिसत नाही, पण ते धुवावे लागेल. वाटी आणि जाळी रॉकेलने स्वच्छ करा. ऑइलचा नट उघडा ठेवून ब्लॉकच्या तोंडातून क्रँकवर थोडे थोडे डिझेल ओता आणि मॅग्नेट हाताने फिरवत राहा. खाली येणारे डिझेल पांढऱ्या भांड्यात धरा आणि त्यात बोटाला कण लागायचे थांबेपर्यंत चालू ठेवा. रात्रभर निथळू द्या आणि सकाळी बेअरिंगांवर ताजे ऑइल सोडा. हवेच्या दाबाने बेअरिंग फिरवण्याचा मोह टाळा.

हेड 0.05 पर्यंत वाकलेले चालते, तुमचे अगदी काठावर आहे. जाड काचेवर 400 नंबरचा घासकागद चिकटवून, रॉकेल टाकून, हेड इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा. सगळ्या पृष्ठावर सारखी करडी छटा आली की थांबा. त्यानंतर व्हॉल्व. इनटेकच्या खड्ड्यांना आधी जाड आणि मग बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावा, पेस्ट व्हॉल्वच्या दांड्यावर जाऊ देऊ नका, कारण ती गाइडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीतून सरकतो तिच्यात, शिरली की गाइड खाते. सीटवर सलग मंद करडी रिंग दिसली की धुऊन, स्प्रिंग बसवून, इनटेकच्या तोंडात रॉकेल ओता आणि पाच मिनिटे बघत बसा. एक थेंबही झिरपला नाही तर जमले. व्हॉल्वची रबरी सीले नवीन टाका. धुरातला एक वाटा त्यांचाही असू शकतो.

जोडताना पिस्टनवरची खूण पाहा. ‘आयएन’ अशी अक्षरे असतील तर ती बाजू इनटेककडे, म्हणजे या इंजिनात वर येते. पिनेच्या सर्कलिपा नव्याच वापरा आणि त्या बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडके कोंबून ठेवा, कारण उडालेली सर्कलिप हमखास तिथेच जाते. रिंगांवरची अक्षरे वरच्या बाजूला आणि टोकांमधल्या फटी एकमेकींपासून 120 अंशांवर ठेवा. हेडला ऑइल जाणारा मार्ग एका स्टडच्या भोवतालून जातो. तिथला तांब्याचा वॉशर आणि मधला रबरी ओ-रिंग ज्याचा त्याच्या जागी गेला नाही तर बाहेर गळेल किंवा, त्याहून वाईट, कॅमला ऑइलच पोहोचणार नाही. खोलताना फोटो काढले असतील अशी आशा आहे. टायमिंगला मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसच्या खाचेसमोर आणि कॅमच्या चक्रावरची खूण हेडवरच्या खाचेसमोर आणा, मग प्लग न लावता हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडले तर जोर करू नका, खूण चुकली आहे.

हेडचे नट तिरपे-तिरपे आणि तीन टप्प्यांत आवळावेत. टॉर्क रेंच उसना आणा. ॲल्युमिनियमच्या केसमधला स्टड आट्यांसकट उपटून येतो, तेव्हा मेस्त्रींचे म्हणणे खरे ठरते आणि फुल इंजिन उतरते. टॅपेट थंड इंजिनावर दोन्ही 0.05 मिमी ठेवा.

पाना_पकड

रिंगेने बोअर मोजायची युक्ती मला ठाऊक नव्हती. माझ्याकडे एक जुना ब्लॉक पडून होता, त्यावर करून पाहिली, फरक 0.09 आला, म्हणजे झीज जेमतेम 0.03. माझ्या रिंगा दोन वर्षे का टिकल्या त्याचे कारण आत्ता कळले. माझा सल्ला मागे घेतो. रनिंग-इनबद्दल (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी कशी चालवावी त्याबद्दल) मात्र विचारतो: सुरुवातीला मंद चालवावे की थोडा भार द्यावा? दोन्ही मते ऐकली आहेत.

जुना_फिटर

मंद गतीवर तासन्‌तास तापवत ठेवणे हे सर्वांत वाईट. रिंग बोअरवर दाबली जाते ती मुख्यतः स्फोटाच्या दाबाने. रेसच नसेल तर तो दाबही नसतो, आणि होनिंगचे चरे रिंग बसण्याआधीच घासून गुळगुळीत होतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर पाच मिनिटांत बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि गळती पाहावी. मग रिकामी गाडी मध्यम वेगात, रेस कमी-जास्त करत अर्धा तास चालवावी. ट्रेलर पहिले पाच तास जोडू नये आणि पूर्ण रेसमध्ये चढ चढू नये. पहिल्या तासानंतर ऑइल बदलावे आणि इंजिन थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासावे.

कॅल्गरीकर

फिल्टरबद्दल राहिले ते सांगतो. नवा फोम आणलात तरी तो कोरडा बसवू नका. फोमची भोके धुळीच्या कणांहून मोठी असतात. धूळ अडते ती फोमला लावलेल्या चिकट तेलात. रॉकेलने धुऊन, मग साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, फोम तेलात बुडवावा आणि पिळून काढावा. पिळावा म्हणजे मुठीत दाबावा, कपड्यासारखा पीळ देऊ नये, कारण शिवण तिथेच फाटते. ज्या कडेवर तो टेकतो तिथे ग्रीसचा बोटभर पट्टा द्या. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा त्या ग्रीसवर कुठे मातीची रेघ आत शिरलेली दिसते का ते पाहा.

कलमबाग

काल गाडी सुरू झाली. संच बसवला, हेड घासले, इनटेकच्या व्हॉल्वला तीन संध्याकाळी पेस्टने घासले तेव्हा कुठे रॉकेल थांबले. पांढरे फडके मला पाचव्या खेपेला मिळाले. टॉर्क रेंच शेजारच्या गावातल्या बोटीच्या मेकॅनिककडून उसना आणला. ब्रीदरला नवी लांब नळी लावून ती हँडलच्या खांबापर्यंत वर नेली आहे आणि तिचे तोंड खाली वळवून फोमचा तुकडा बांधला आहे. कॉम्प्रेशन पहिल्याच दिवशी 130 आले.

एकच शंका आहे. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे पांढरट-निळा धूर आलाच. तो नंतर कमी झाला, पण रेस दिली की अजून थोडा येतो. रिंगा उलट्या बसल्या असतील का?

जुना_फिटर

130 आले असेल तर वरची रिंग बरोबर बसली आहे. तीन महिने इंजिनाने जे ऑइल प्यायले ते कुठे गेले असेल याचा विचार करा; त्यातले बरेचसे सायलेन्सरच्या आत थरासारखे बसले आहे आणि आता ते तापून जळते आहे. सायलेन्सर काढून, तोंड खाली करून ठेवा, काय येते ते पाहा. पाच तासांनंतर ऑइलची पातळी मोजा आणि मगच काळजी करायची की नाही ते ठरवा.

कलमबाग

सायलेन्सरमधून पेलाभर काळे पाणी आणि ऑइल निघाले. आज सहा तास झाले, काठीवरची ऑइलची पातळी होती तिथेच आहे, थंड इंजिनावर इनटेकचे टॅपेट 0.05 आणि एक्झॉस्टचेही तेवढेच. धूर बंद आहे. ट्रेलर उद्या जोडतो. व्हाळावरून मात्र नाही, वरच्या चिरेखाणीच्या रस्त्याने फिरून.